झोपेतून उठलेला संगणक आणि हजेरीचा धडा

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार मुंबईकरांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. लॉकडाऊनमुळे शाळा घरातूनच चालू होती. अंधेरीतल्या माझ्या घरी राऊटर बंद पडला, वर्ग तुटला. थोड्या वेळाने लॅपटॉपची बॅटरी संपत आली आणि तो आपोआप हायबरनेट झाला. मराठीत याला शीतनिद्रा म्हणतात, उर्दूत सरमाई नींद.

मुलांना निरोप दिला होता की लाईट आली की वर्ग घेऊ. लाईट आली. लॅपटॉप उघडला तर सगळं जसंच्या तसं, अर्धवट लिहिलेलं वाक्यसुद्धा. फक्त नेटवर्क नव्हतं. मोबाइलवर तेच वायफाय चालत होतं. चाळीस मिनिटं खटपट केली. अब्बांच्या मोबाइलवर बसलेली काही मुलं वाट पाहून उठून गेली. शेवटी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामू, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्ड डिसेबल करा आणि परत एनेबल करा." दोन क्लिक, आणि नेट हजर.

एवढ्याने का चाललं, हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले.

शीतनिद्रेत संगणक आपली सगळी स्मृती डिस्कवर लिहून ठेवतो आणि वीज पूर्ण बंद करतो. उठल्यावर ती स्मृती जशीच्या तशी परत वाचतो. पण नेटवर्क कार्डाची स्वतःची मांडणी वीज जाताच पुसली गेलेली असते. कार्ड कोरं असतं आणि ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जुन्या आठवणीवर विसंबून असतो. त्याच्या लेखी काहीच घडलेलं नाही. त्यात राऊटरने दिलेला पत्ताही ठरावीक मुदतीचा असतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या दुपारी झोपलेला माणूस वर्षभराने उठून पाचशेची जुनी नोट घेऊन किराणा दुकानात गेला, तर दुकानदार काय म्हणेल? नोट खरी आहे, पण आता चालत नाही. कार्ड डिसेबल करून एनेबल केलं की ड्रायव्हर सगळं विसरतो, कार्डाची पहिल्यापासून मांडणी करतो आणि राऊटरकडे पत्ता नव्याने मागतो.

हा घोळ जुना आहे. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाची पद्धत आणली. तिच्यात झोपवण्या-उठवण्याचं काम मुख्यतः बायोसकडे होतं. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय आणलं आणि ही जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमकडे आली. म्हणजे प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याला 'उठल्यावर काय करायचं' हे लिहिणं भाग पडलं. पुष्कळांनी ते नीट लिहिलं नाही. लिनक्सवाल्यांनी मग एक साधी युक्ती काढली. झोपण्याआधी हट्टी ड्रायव्हर काढून टाकायचा, उठल्यावर पुन्हा घालायचा. पीएम-युटिल्स या संचात अशा ड्रायव्हरांची यादी देण्याची सोयच होती. पुढे ड्रायव्हरांसाठी गोठवणं, वितळवणं, पूर्वपदावर आणणं अशा वेगवेगळ्या पायऱ्या ठरल्या आणि ही मलमपट्टी कमी लागू लागली.

या इतिहासाचं एक पान आपल्या उपनगरातलंही आहे. १९८६-८७ च्या सुमारास जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईचं आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून ईमेल सुरू झाली. अर्नेट प्रकल्पातल्या या पहिल्या जोडण्या. तेव्हाची यूयूसीपी पद्धत अशी की निरोप साठवून ठेवायचे, फोन लावायचा, समोरच्या यंत्राला आपली ओळख द्यायची, निरोप द्यायचे-घ्यायचे आणि फोन ठेवायचा. लाइन तुटली तर पुन्हा लावायची. संपर्क तुटणारच, हे तिथे गृहीत होतं. म्हणून दर वेळी ओळख नव्याने. पुढे नेटवर्क सतत चालू राहू लागलं आणि ओळख एकदाच करून भागू लागलं. माझ्या लॅपटॉपचा ड्रायव्हर नेमका तिथे फसला होता.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले. दीड वर्षाची शीतनिद्रा संपली. मी वर्गात गेलो, पुस्तक उघडलं आणि इयत्तेप्रमाणे धडा सुरू केला. जणू मधे काही घडलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका मुलाला परिच्छेद वाचायला सांगितला. पूर्वी घडाघडा वाचणारा तो मुलगा जोडाक्षरावर अडला, मग मान खाली घालून उभा राहिला. आणखी एकजण आलाच नव्हता. तो वडिलांबरोबर हातगाडीवर उभा राहत होता आणि हे मला आठवड्याने कळलं.

त्या दिवशी मला आपला लॅपटॉप आठवला. चूक मुलांची नव्हती. जुन्या आठवणीवर चालणारा ड्रायव्हर मी होतो.

मग पुस्तक मिटलं. दोन आठवडे फक्त ओळख केली. कोण काय वाचू शकतं, घरी काय घडलं, कोणाचं माणूस गेलं. हातगाडीवरच्या मुलाच्या घरी दोनदा गेलो. दिवाळीनंतर तो आला. आजही सुट्टीनंतर शाळा भरली की पहिले काही दिवस मी धडा शिकवत नाही. हजेरी घेतो, सावकाश, एकेकाचं नाव घेऊन.