कंडरावरण

स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेभोवतीची दुपदरी नळी. पदरांमधल्या बुळबुळीत द्रवामुळे मनगट, बोटे व घोट्याच्या अरुंद वाटांतून कंडरा न घासता सरकते.

आवरण सुजले की ही वाट आणखी आवळते. अंगठ्याच्या बाजूला मनगटात होणारी अशी वेदना स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ मध्ये वर्णिली. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना ती अनेकदा होते, आणि दुर्दैवाने घरात नुसती दमणूक समजली जाते. नोएडा-गुरुग्रामच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत दिवसभर कात्री चालवणाऱ्या हातांनाही हा धोका असतो. मधुमेहींमध्ये बोट वाकून अडकणे व खटकन सुटणे अधिक आढळते. विश्रांती, आधारपट्टी, स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि शेवटी आवरणाला छेद, असा उपचाराचा क्रम असतो.

भारतात आवरणाच्या सुजेमागे क्षयरोगाची शंकाही घ्यावीच लागते. मनगटावर सावकाश वाढणाऱ्या, फारशा न दुखणाऱ्या सुजेत कधी तांदळाच्या दाण्यांसारखे कण सापडतात.

पू करणारा जंतुसंसर्ग मात्र तातडीचा. काटा रुतल्यावर बोट सबंध सुजले, वाकलेलेच राहिले आणि सरळ करताना जीवघेणी कळ आली, तर दिल्लीकराने त्याच दिवशी एम्स, सफदरजंग किंवा जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. उशीर झाल्यास कंडरा मृत होऊन बोट कायमचे ताठरू शकते.