गारुड्याची पोतडी आणि रसायन

‘गारुड’ म्हणजे मूळचा सर्पविष उतरविण्याचा, गरुडाशी संबद्ध असा मंत्र. पुढे मराठीत त्यास जादू व मोहिनी हे अर्थ आले आणि विषवैद्य गारुडी खेळ करणारा ठरला. त्याच्या पोतडीतील साहित्य मात्र घरगुतीच राहिले: टोपली, वाट्या, दोरी, लिंबू.

‘रसायन’ हा शब्दही असाच पालटला. आयुर्वेदात ते जराव्याधिनाशक औषध होते. आज ते प्रयोगशाळेतील द्रव्य आहे. 1960 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना खालापूर तालुक्यात जेथे उभा राहिला, त्या रसायनीच्या नावात हाच नवा अर्थ आहे.

हे दोन्ही शब्द लिंबापाशी एकत्र येतात. सुरीस जास्वंदीचा रस चोळून लिंबू कापले, की आम्लामुळे तो लाल होतो. गारुडी त्यास खेळ म्हणतो. भोंदू करणीचे रक्त म्हणतो. वस्तू एकच, रसायनही एकच. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही वस्तू निषिद्ध केली नाही. तथाकथित चमत्काराने लोकांस फसविणे व दहशत घालणे हा अपराध ठरविला. ‘गारुड्याचा खेळ’ या शब्दप्रयोगात भाषेने तो भेद पूर्वीच नोंदविला होता. कारण ‘खेळ’ म्हटले, की पाहणाऱ्याची संमती गृहीत असते.