इंजिन कोण चालवितो?



आळंदीस पाहुणा आला की समाधीच्या दर्शनानंतर त्याला ती भिंत दाखवावी लागते. योगबळाच्या अभिमानाने वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी ज्ञानदेवांनी निर्जीव भिंत चालविली, अशी कथा आहे. त्या श्रद्धेविषयी आम्हांस वाद घालावयाचा नाही. परंतु आगगाडीच्या इतिहासातही इंजिन जणू आपोआप चालले, असेच सांगितले जाते. तेथे मात्र आमचा वाद आहे.

1852 साली मुंबईत पहिले इंजिन आले. गव्हर्नराच्या नावावरून त्याचे नाव ‘फॉकलंड’. ते उतारूंसाठी नव्हते. लोहमार्ग बांधणाऱ्या कंत्राटदारांच्या कामाचे होते. भायखळ्याच्या रुळांपर्यंत ते हमालांनी ओढीत नेले. म्हणजे इंजिनाने माणसे ओढण्यापूर्वी माणसांनी इंजिन ओढले! पुढे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास 14 डब्यांची गाडी सुटली, 21 तोफांची सलामी झाली. ‘साहिब’, ‘सिंध’, ‘सुलतान’ ही इंजिनांची नावे आपल्या पाठ आहेत. त्यांची भट्टी कोणी पेटविली, हे कोणी सांगत नाही.

तरुणपणी एका कारखान्याच्या साइडिंगवर शंटिंगच्या इंजिनात उभे राहण्याचा योग आम्हांस आला. बाहेरून धूर दिसतो. आत शिरल्यावर श्रम दिसतात. ड्रायव्हरचा हात रेग्युलेटरवर, डोळा पाण्याच्या काचनळीवर. पाणी फार उतरले तर भट्टीचे छत उघडे पडून स्फोट व्हावयाचा. फायरमन दार उघडतो, कोळसा सारखा पसरतो, लगेच दार लावतो. गार हवा शिरली की वाफ पडते. छाती भाजते, पाठीला वारा झोंबतो. अर्ध्या तासात आमचे पाय थरथरू लागले. त्या माणसाची पाळी तर अजून निम्मीही झाली नव्हती!

कामाच्या तासांचा लढा ह्या भट्टीपुढे जन्मला. इंजिनावरील कामगारांच्या 1973 मधील संपानंतर सरकारने दहा तासांची मर्यादा मान्य केली. 8 मे 1974 रोजी देशभर रेल्वे संप सुरू झाला. तो 20 दिवस चालला; हजारो कामगार तुरुंगात गेले.

वाफेचा जमाना सरला. आज चाकणच्या कारखान्यांविषयीही, यंत्रे आपोआप चालतात, असे लोक म्हणतात. भिंत कोणी चालविली, हे आळंदी विसरली नाही. चालविणाऱ्याचे नाव तिने जपले. यंत्र चालविणाऱ्याचेही नाव इतिहासाने तसेच जपावे, एवढेच आमचे मागणे आहे.