फुटबॉल क्लबनिष्ठा

फुटबॉल क्लबनिष्ठा : एखाद्या फुटबॉल संघाला आपला मानणे आणि तो जिंको वा हरो, हे नाते आयुष्यभर न सोडणे. हे नाते बहुधा लहानपणी जडते. त्यामागची कारणे जगभर थोड्याफार फरकाने सारखी आढळतात : वडीलधाऱ्यांनी हात धरून मैदानावर नेणे, राहत्या वस्तीचा किंवा पोटापाण्याच्या ठिकाणाचा संघ असणे, एखाद्या खेळाडूची मोहिनी, आणि नेमक्या वयात पाहिलेला एखादा विजय. या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्राचा, त्यातही कोल्हापूरचा विचार केला आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली क्लबनिष्ठा राज्यात इतक्या ठळकपणे अन्यत्र दिसत नाही. शिवाय स्थानिक सामन्यांची वार्ता तेथील दैनिके जितक्या नियमाने आणि जितक्या जागेत छापतात, तितकी इतर जिल्ह्यांत छापली जात नाही.

अभ्यास : निष्ठा जडण्याच्या वयाविषयी बरेचदा उद्धृत होणारे काम बेसबॉलवरचे आहे. अमेरिकी विश्लेषक सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१४ मध्ये फेसबुकवरील माहितीच्या आधारे दाखवले, की मुलगा साधारण आठ ते बारा वर्षांचा असताना ज्या संघाने अजिंक्यपद मिळवले, त्या संघाचा तो पुढे मोठेपणीही चाहता असण्याची शक्यता वाढते. रॉबर्ट सियाल्डिनी व सहकाऱ्यांनी अमेरिकी विद्यापीठांत केलेल्या आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाची नाममुद्रा असलेले कपडे अधिक विद्यार्थी घालून येतात, असे आढळले. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड जुलियानोती यांनी २००२ मध्ये प्रेक्षकांचे चार प्रकार मांडले. स्थानिक संघाशी जन्माने व वास्तव्याने बांधलेला समर्थक हे त्यांतले एक टोक, आणि दूरचित्रवाणीवर संघ बदलत फिरणारा प्रेक्षक हे दुसरे. इंग्रज लेखक निक हॉर्नबी यांना वडिलांनी १९६८ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, आर्सेनलच्या सामन्याला नेले. त्यातून जडलेल्या नात्यावर त्यांनी १९९२ मध्ये लिहिलेले ‘फीवर पिच’ हे पुस्तक या विषयावरचे सर्वांत गाजलेले आत्मकथन होय. वस्ती, तालीम आणि पेठ यांतून घडणाऱ्या निष्ठेला यांतले कोणतेही विवेचन पूर्णपणे लागू पडत नाही. विजयाच्या दुसऱ्या दिवशी दिसणारा अभिमान मोजता येतो. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी तीच माणसे त्याच कट्ट्यावर जमतात, ती का, याचे उत्तर त्या मोजणीत मिळत नाही.

कोल्हापूर : येथील फुटबॉल संस्थानकाळात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजला. त्याचे श्रेय सामान्यतः राजघराण्याच्या आश्रयाला दिले जाते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) शहरात तालमींचे जाळे विस्तारले. खासबागेचे कुस्ती मैदान १९१२ मध्ये तयार झाले. फुटबॉल आला तेव्हा त्याला नवे क्लब शोधावे लागले नाहीत. पेठेतील पोरे ज्या तालमीत जोर-बैठका काढत होती, त्याच तालमीच्या नावाने ती चेंडू घेऊन मैदानात उतरली. कोल्हापूरच्या क्लबनिष्ठेचे मर्म प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते येथेच आहे. येथे क्लब खेळाच्या आधीपासून होता. खेळ त्याच्याकडे पाहुणा म्हणून आला आणि कायमचा राहिला.

कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन (के.एस.ए.) ही नियामक संस्था १९४० मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात स्थापन झाली. १९६० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाचे सामने होतात. हे स्टेडियम आणि खासबाग मैदान एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. जुन्या शहरातील बहुतेक पेठांतूनही स्टेडियमवर पायीच जाता येते, आणि निष्ठेच्या संदर्भात ही बाब क्षुल्लक नाही. दुपारचा सामना असला की लहान मुलाला तिथे पोचवायला वाहन लागत नाही, काका किंवा थोरला भाऊ पुरतो.

प्रमुख संघ पेठांनुसार असे : मंगळवार पेठेत पाटाकडील तालीम मंडळ (सर्वत्र ‘पीटीएम’ या नावाने परिचित), प्रॅक्टिस क्लब आणि बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ आणि संध्यामठ तरुण मंडळ, रविवार पेठेत दिलबहार तालीम मंडळ. त्यांखेरीज फुलेवाडी, जुना बुधवार पेठ व उत्तरेश्वर या भागांचेही संघ आहेत. वरिष्ठ गटात १६ संघ खेळतात. पावसाळा सरला की के.एस.ए.कडे खेळाडूंची नोंदणी होते, मग शाहू छत्रपती लीग सुरू होते. लीगनंतर उन्हाळ्यापर्यंत चषकांच्या स्पर्धा चालतात. महापौर चषक, चंद्रकांत चषक, सतेज चषक, अटल चषक, राजेश चषक ही त्यांतील काही नावे. यांतल्या अनेक चषकांवर राजकीय पुढारी व पक्ष यांची छाप असून पेठेतील मतदारांशी संपर्काचे साधन म्हणूनही या स्पर्धांकडे पाहिले जाते.

निष्ठा कशी जडते : पेठेत जन्मलेल्या मुलापुढे निवडीचा प्रश्न सहसा येत नाही. तालीम हे त्या गल्लीचे सार्वजनिक घर असते. गणेशोत्सवाचा मांडव तिचा, शिवजयंतीची मिरवणूक तिची. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला पंचगंगेचे पाणी वाजतगाजत नेले जाते, त्यातही तालमी आणि मंडळे पुढे असतात. वर्षभरात निरनिराळ्या निमित्तांनी मूल तालमीच्या दारात जाते. फुटबॉल हे त्यांपैकी एक निमित्त, मात्र सर्वांत मोठ्या आवाजाचे. गल्लीत प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळताना ते आपल्या संघाच्या एखाद्या खेळाडूचे नाव घेते, आणि तो खेळाडू संध्याकाळी त्याच कट्ट्यावर चहा पिताना त्याला दिसतो. दूरच्या क्लबच्या चाहत्याला ही जवळीक कधीच मिळत नाही. पुढे पायात जोर असेल तर ते तालमीच्या ‘ब’ संघात येते. नसेल तर वर्गणी गोळा करते, ध्वज शिवून आणते, सामन्याच्या दिवशी ताशा धरते. खेळणारा आणि पाहणारा यांच्यात येथे फार मोठी दरी नाही, कारण पाहणाऱ्यांतील अनेकजण एके काळी त्याच नावाने खेळलेले असतात.

वडिलांचा संघ मुलाचा होतो, हा सर्वसाधारण नियम. आईचे माहेर दुसऱ्या पेठेत असेल, तर मामाचा संघ वेगळा असतो, आणि अशा घरात दोन पेठांची लढत जवळ आली की जेवताना बोलणे बेताने होते. येथेही बहुतेक वेळा राहत्या पेठेचाच दावा वरचढ ठरतो. मात्र वस्ती बदलल्याने निष्ठा बदलत नाही. पेठेतील वाडे पडून सदनिका उभ्या राहिल्या, अनेक कुटुंबे उपनगरांत गेली, तरी सामन्याच्या दिवशी ती मंडळी जुन्या पेठेच्याच बाजूला बसलेली आढळतात. पत्ता पहिल्या पिढीपुरता निर्णायक असतो, पुढच्या पिढीला घराण्याची आठवण पुरते.

खेळाडूंचे तसे नाही. नोंदणीच्या दिवसांत चांगला खेळाडू मानधनासाठी वा संधीसाठी दुसऱ्या पेठेच्या संघाकडे जातो, आणि शिवाजी पेठेत वाढलेला मुलगा मंगळवार पेठेच्या संघातून खेळताना दिसतो. अलीकडच्या काळात परजिल्ह्यांतील, परराज्यांतील आणि आफ्रिकी देशांतील, विशेषतः नायजेरियन, खेळाडूही तालमींच्या संघांत आले. बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर के.एस.ए.ने मर्यादा घातली आहे. स्थानिक मुलांची जागा जाते, अशी एक बाजू. खेळाचा दर्जा वाढतो, अशी दुसरी. तालमीच्या नावावरील श्रद्धा मात्र संघात पेठेचे किती खेळाडू आहेत यावर अवलंबून राहिलेली नाही, हे प्रेक्षकसंख्येवरून दिसते.

पाटाकडील आणि शिवाजी, पाटाकडील आणि प्रॅक्टिस, दिलबहार आणि खंडोबा अशा लढतींना गर्दी लोटते. स्थानिक बोलीत या चुरशीला ‘ईर्षा’ म्हणतात, आणि सामने पाहणाऱ्यांना वृत्तपत्रे ‘फुटबॉल शौकीन’ असे संबोधतात. प्रॅक्टिस क्लब व पाटाकडील हे दोघेही मंगळवार पेठेचे असल्याने ती लढत भावकीतील मानली जाते. जुने शौकीन गोल कोणी केला यापेक्षा तो कोणाच्या पासवर झाला हे अधिक काळ लक्षात ठेवतात. या शहराच्या फुटबॉलजाणिवेचे ते खरे लक्षण असून त्याची लेखी नोंद झालेली नाही, ही मोठीच उणीव होय. दैनिकांतील वार्तांत गोल, मिनिटे आणि टाय-ब्रेकरचा निकाल राहिला. प्रेक्षागृहातील पायऱ्यांवर बसून तीस-चाळीस वर्षे खेळ पाहिलेल्यांचे बोलणे राहिले नाही. ते ध्वनिमुद्रित करण्याचे काम अजूनही करता येण्यासारखे आहे आणि ते लवकर व्हायला हवे.

हुल्लडबाजी : समर्थकांतील हाणामारी व दगडफेकीमुळे काही सामने थांबवावे लागले आहेत. संघ व खेळाडूंवर कारवाई झाली आहे आणि मोठ्या लढतींना पोलिस बंदोबस्त असतो.

विश्वचषक : दर चार वर्षांनी पेठांना दुसरी निष्ठा फुटते. ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनी यांचे ध्वज गल्लीत लागतात आणि खेळाडूंचे फलक चौकात उभे राहतात. अर्जेंटिनाने १८ डिसेंबर २०२२ रोजी फ्रान्सला टाय-ब्रेकरवर हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा कोल्हापुरात फटाके वाजले. ही निष्ठा तालमीच्या निष्ठेशी स्पर्धा करीत नाही.

कोल्हापुरातून बाहेर गेलेले खेळाडू : अनिकेत जाधव (जन्म २०००) हा २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. निखिल कदम हा मोहन बागानकडून खेळला. असे खेळाडू ज्या क्लबात जातात, त्या क्लबांकडे शहरातील तरुणांचे लक्ष वळते. मात्र खेळाडूने क्लब सोडला की तेही ओसरते.

महिला : एफ.सी. कोल्हापूर सिटी हा संघ २०१९–२० च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळला. तो कोणत्याही पेठेचा नव्हता.

गडहिंग्लज : कोल्हापूर जिल्ह्यातील या गावी दिवाळीत अखिल भारतीय स्पर्धा भरते. पाहुणे संघ दरवर्षी बदलतात, प्रेक्षक तेच असतात. येथे निष्ठा संघापेक्षा स्पर्धेशी अधिक दिसते, आणि ही वेगळी जातकुळी स्वतंत्र अभ्यासाच्या योग्यतेची आहे.

मुंबई आणि पुणे : मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाची परंपरा होती, तरी तेथील बरेचसे बलाढ्य संघ गिरण्यांचे व कंपन्यांचे होते. कंपनीने निर्णय बदलला की संघ संपतो. २००५–०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुण्यात पुणे एफ.सी. (२००७) मोठ्या व्यावसायिक संघांच्या पंक्तीत बसला, पण तोही २०१५ नंतर राहिला नाही. इंडियन सुपर लीगमधील एफ.सी. पुणे सिटी (२०१४) २०१९ मध्ये विसर्जित झाला. ‘ऑरेंज आर्मी’ नावाने एकत्र आलेले त्याचे चाहते संघाविना उरले. पाच हंगामांत प्रामाणिक निष्ठा निर्माण होऊ शकते, हे त्या चाहत्यांनी दाखवले. तिला वारसा मिळण्याइतका काळ मिळाला नाही. मुंबई सिटी एफ.सी. (२०१४) अद्याप खेळत आहे.

गोवा : येथे गाव आणि उद्योगघराणे असे दोन धागे एकत्र येतात. चर्चिल ब्रदर्सचे नाते सासष्टीतील वार्का गावाशी आहे. साळगावकर व धेंपो हे खाण उद्योगातील घराण्यांचे संघ. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले.

कोलकाता : मोहन बागान (१८८९) आणि ईस्ट बंगाल (१९२०) यांतील निवड घराण्याचे मूळ पश्चिम बंगालमधले की पूर्व बंगालमधले यावर ठरत आली. मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ ने हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, आणि तेथील निष्ठेला राष्ट्रीय अर्थ प्राप्त झाला. भारतातील क्लबनिष्ठेवरील बहुतेक लेखन याच दोन संघांभोवती फिरते. कोल्हापूरच्या पेठांना त्यात मिळालेली जागा त्यांच्या योग्यतेच्या मानाने फारच थोडी आहे.

विदर्भ : नागपूर व छावणीचे शहर कामठी ही येथील फुटबॉलची जुनी केंद्रे. कामठीचा रब्बानी क्लब परिचित आहे. विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलवर ‘झुंड’ (२०२२) हा चित्रपट निघाला.

गोंदिया जिल्हा (स्थापना १९९९) नागपूरच्या पूर्वेस आहे. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावातील मुलापुढे तालमीचा वा पेठेचा वरिष्ठ संघ नसतो. येथे क्लब निवडावाच लागतो. १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्यांवरून इंग्लिश लीगचे सामने घरोघरी पोचू लागल्यावर ही निवड शक्य झाली. तेव्हापासून ज्या वयात ज्याने जे पाहिले, त्यानुसार ती ठरते : १९९९ मध्ये तीन अजिंक्यपदे मिळवणारा मँचेस्टर युनायटेड, २००३–०४ चा अपराजित आर्सेनल, २००५ मध्ये इस्तंबूलला तीन गोलांची पिछाडी भरून काढणारा लिव्हरपूल. वर दिलेला आठ ते बारा वर्षांचा निष्कर्ष कोल्हापूरपेक्षा येथे अधिक लागू पडावा. दूरचा क्लब धरणाऱ्याची निष्ठा कमअस्सल समजण्याची रीत आहे, ती या नोंदकर्त्याला मान्य नाही. मध्यरात्री घरातले सारे झोपले असताना आवाज बंद करून सामना पाहणाऱ्या मुलाला पेठेची गर्दी धीर देत नाही, हरल्यावर कोणी कट्ट्यावर भेटत नाही. तरीही तो पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच संघासाठी जागतो.