लाकडाचा आवाज

खरं व्हायोलिन ऐकावं ते समोर बसून. तबकडीवर ऐकणं म्हणजे श्रीखंडाच्या फोटोवर पुरी लावून खाणं, असं काही रसिकांचं म्हणणं असतं. असं सांगणाऱ्या बहुतेकांनी स्त्रादिवारीचं व्हायोलिन माझ्यासारखं तबकडीवरच ऐकलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

इटलीतल्या क्रेमोना गावचे अंतोनिओ स्त्रादिवारी वारले १७३७ साली आणि एडिसनसाहेबांचा फोनोग्राफ आला १८७७ साली. पुढे तबकड्या निघू लागल्या खऱ्या, पण सुरुवातीच्या त्या यंत्राला व्हायोलिनचा नाजूक आवाज नीट ऐकूच येईना. कर्ण्यात तोंड घालून ओरडावं तेव्हा कुठे त्याला कळायचं. यावर लंडनच्या ऑगस्टस स्ट्रो यांनी तोडगा काढला आणि १८९९ साली त्याचं पेटंटही घेतलं. त्यांनी व्हायोलिनचं लाकडी पोटच काढून टाकलं आणि त्या जागी धातूचा कर्णा बसवला! आवाज टिपता यावा म्हणून आवाजाचं घरच पाडलं म्हणा ना.

१९२५ साली विजेच्या मायक्रोफोनने तबकड्या निघू लागल्या, आणि लाकडाची अब्रू वाचली. १९६३ साली रुज्जेरो रिच्ची यांनी तर क्रेमोनाच्या पंधरा जुन्या व्हायोलिनांवर एकच तुकडा ओळीने वाजवून ध्वनिमुद्रित केला. लागोपाठ ऐकलं की माझ्यासारख्या औरंगजेबालाही फरक कळतो.

बरं, समोर बसून तरी सगळं कळतं का? १९७७ साली बीबीसीने पडद्याआड चार व्हायोलिनं वाजवली. एक स्त्रादिवारीचं, एक ग्वार्नेरीचं, एक एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच आणि एक अगदी नवं. ऐकायला आयझॅक स्टर्न, पिंकस झुकरमन आणि व्हायोलिनांचे नामवंत पारखी चार्ल्स बेअर. मध्ये तबकडी नाही, काही नाही. तरी एकालाही दोनांपेक्षा जास्त ओळखता आली नाहीत!

२०१९ च्या आरंभी खुद्द क्रेमोनानेच हे मनावर घेतलं. जुनी वाद्यं थकत चाललीत, एक दिवस वाजेनाशी होतील. तेव्हा त्यांचा एकेक सूर साठवून ठेवायचा. बत्तीस मायक्रोफोन लावले. पाच आठवडे संग्रहालयाजवळचे रस्ते बंद. गप्प राहा, अशी नगराध्यक्षांनी गावाला विनंती केली आणि गाव चक्क गप्प राहिलं! आमच्या गल्लीत हे जमायचं तर आधी कुकरच्या शिट्ट्यांशी वाटाघाटी कराव्या लागतील.

सगळा आवाज सापडला असेल का त्यांना? नसेलही. आमच्या घरी वडिलांच्या आवाजाची एक जुनी कॅसेट आहे. आवाज पातळ येतो, त्यांचा वाटतच नाही. पण बोलण्याआधी घसा खाकरून ते क्षणभर थांबतात ना, ते थांबणं अस्सल त्यांचं. समोर बसून ऐकावं हे मलाही पटतं हो. पण ती सोय आता राहिलेली नाही, म्हणून कॅसेट जपून ठेवली आहे.