भाऊ चाळिशीचा झाला

डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाला म्हातारपण येतं, ही गोष्ट वैद्यकशास्त्रासाठी तशी नवीच. 1983 च्या सुमारास अमेरिकेतसुद्धा अशा व्यक्तीचं आयुष्य सरासरी 25 वर्षांच्या आसपास होतं. आज ते साठीपर्यंत पोहोचलंय. हृदयातल्या जन्मजात दोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि मुलांना संस्थांत टाकून देणं कमी झालं, ही त्यामागची मोठी कारणं. आमच्या घनसावंगीत मात्र असा माणूस कायमचा 'लेकरू' असतो. माझा धाकटा भाऊ चाळिशीच्या पुढे गेला, दाढी पिकली, तरी दवाखान्यात नेलं की "लेकराला काय झालं?" असंच विचारतात. विचारण्यात माया असते. पण लेकराची तपासणी वेगळी आणि चाळिशीतल्या गड्याची वेगळी.

लंडनजवळच्या अर्ल्सवूड आश्रमात काम करणाऱ्या जॉन लँग्डन डाऊन यांनी 1866 मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं आणि चेहऱ्यावरून तिला 'मंगोल' ठरवलं. 1959 मध्ये पॅरिसमध्ये लेज्यून, मार्त गोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की कारण वंशात नाही, एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीत आहे. मंगोलियाच्या प्रतिनिधींनी 1965 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडे तो शब्द सोडण्याची मागणी केली. तरी माझ्या भावाच्या लहानपणच्या एका पिवळ्या कागदावर 'मंगोल' हेच लिहिलेलं आहे. अम्मीनं तो कागद जपला. ती त्याला दर्ग्यावरही न्यायची आणि औरंगाबादच्या घाटीतही; तिला त्यात विसंगती दिसत नव्हती, मलाही दिसत नाही.

आपल्याकडे या लोकांसाठी जे उभं राहिलं, ते बहुतेक आईबापांनी उभं केलं. मुंबईतल्या वकील या पारशी दांपत्याची मुलगी दिना हिला डाऊन सिंड्रोम होता. तिच्यासाठी शाळा नव्हती, म्हणून 1944 मध्ये त्यांनी स्वतःच सुरू केली. तीच पुढे शिवडीची जय वकील संस्था झाली. सरकारची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला आली ती 1984 मध्ये, आणि मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमुळे जालन्याला ती दूर असूनही सोयीची. या साऱ्या धडपडीच्या मध्यभागी मूल होतं, त्याचं शिक्षण होतं. ते मूल मोठं झाल्यावर त्याच्या शरीराचं काय, हा प्रश्न मागेच राहिला. कधी पुढे आला तर भलत्याच रूपात: 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुली-बायकांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, पाळीची स्वच्छता राखणं जमत नाही या कारणाखाली. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. त्या मुलींना कुणी काय विचारलं असेल?

विचारत नाहीत, ही माझीही तक्रार आहे. दोनेक वर्षांपूर्वी भाऊ सुस्त झाला. दिवसभर झोपायचा, अंग सुजल्यासारखं दिसायचं, अजान झाली की टोपी शोधायला उठणारा माणूस जागचा हलेना. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे एकच उत्तर: "यांचं असंच असतं." तिसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं. थायरॉइड मंदावला होता. रोजची एक छोटी गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत टोपी पुन्हा डोक्यावर आली.

डाऊन असलेल्यांमध्ये थायरॉइडचा त्रास इतका सर्रास आढळतो, की 2020 मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यांत 21 वर्षांनंतर दर एक-दोन वर्षांनी तपासणी सांगितली आहे. तिशीनंतर मधुमेहाची, चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाची. शेवटची विशेष महत्त्वाची, कारण अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन ज्या जनुकापासून बनतं, ते याच एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. म्हणून विसरभोळेपणा दिसला की थेट स्मृतिभ्रंशाचा शिक्का नको. आधी थायरॉइड, कान, मोतीबिंदू आणि झोपेत श्वास अडकतो का ते पाहायला हवं. घोरणं आम्ही वर्षानुवर्षं हसण्यावारी नेत होतो.

दुसरी अडचण सहीची. अब्बा गेले, अम्मी थकली. ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची? हनफी फिकहमध्ये मालमत्तेचा वली म्हणून बाप येतो, बापाने नेमलेला येतो, आजोबा येतो. भाऊ-बहीण आपोआप येत नाहीत. इथे 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा उपयोगी पडतो, आणि तो सगळ्या धर्मांना लागू आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज केला, तर अठराच्या पुढच्या व्यक्तीसाठीही पालक नेमता येतो. त्याच न्यासाची 'निरामय' योजना एक लाखापर्यंतच्या उपचारखर्चाला विमा देते. आमच्या मोहल्ल्यात ही नावं कुणाला ठाऊक नव्हती. मशिदीबाहेर दोघा-तिघांना सांगितली, तर त्यातल्या एकाच्या घरीच पस्तीस वर्षांची बहीण निघाली.

मी सध्या एक वही ठेवतो. कोणती तपासणी कधी, गोळी किती, झोप कशी. डॉक्टरांनी भावाशी बोलावं म्हणून ती त्याच्याच हातात देतो. तो ती उलटी धरतो आणि गंभीर चेहऱ्यानं पुढे करतो.