एलियाचा रथ : कार्मेल ते कोकण

मुळशीहून ताम्हिणी घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो. तिथे अलिबागजवळ खंडाळा आहे (बोरघाटातला खंडाळा निराळा). तिथल्या कातळावरची खूण एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, रथाची, असे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, मानतात. हा रथ कुठून निघाला, ते आपण पाहू.

बायबलातल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एलिया अग्निरथाच्या साक्षीने वावटळीतून स्वर्गात जातो. इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास संदेष्टा मलाखीने सांगितले की, परमेश्वराच्या भयंकर दिवसापूर्वी तो परत येईल आणि बाप-लेकरांची मने जुळवील. इ. स. पू. 180 च्या आसपास बेन सिराने त्याच्यावर याकोबाची कुळे पुन्हा उभी करण्याचे कामही सोपवले. म्हणजे तोवर एलिया एका समाजापुरताच होता. पुढे इ. स. पू. 167 मध्ये चौथ्या अँटिओकस राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि बंड पेटले. त्या धामधुमीत एका अनामिकाने प्राचीन हनोखाच्या नावावर एक स्वप्न लिहिले. त्यात सारा इतिहास जनावरांचा आहे : आदम पांढरा बैल, इस्रायल मेंढरे, परकी राष्ट्रे लांडगे, सिंह, गिधाडे. एलिया हे त्यातले वर उचलून नेलेले मेंढरू. न्यायाच्या वेळी तो पुन्हा दिसतो. शेवटी सगळे प्राणी मेंढरांपुढे वाकतात. छळलेल्या माणसाने इथेच समाधान मानले असते, तर नवल नव्हते. पण हा लेखक पुढे जातो. एक पांढरा बैल जन्मतो आणि मेंढरांसकट साऱ्या जाती पालटून पांढरे बैल होतात. त्याच काळच्या दानिएलाच्या ग्रंथात राष्ट्रे सेवा करतात. इथे सेवक-धनी हा भेदच मिटतो. एवढे धाडस त्या साहित्यात मला क्वचितच दिसते.

हे स्वप्न ज्यात आहे, तो हनोखाचा ग्रंथ यहुदी धर्मशास्त्रात शिरला नाही. इथिओपियाच्या चर्चने तो गीझ भाषेत जपला. 1773 मध्ये जेम्स ब्रूसने त्याच्या प्रती युरोपात नेल्या आणि मूळ अरामी तुकडे विसाव्या शतकात कुम्रानच्या गुहांत सापडले. एलिया मात्र ग्रंथाविनाही लोकांत राहिला. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून पूर्वज उतरले, पोथ्या बुडाल्या, असे सांगणाऱ्या बेने इस्रायलांच्या घरी तो नवसाला पावणारा झाला. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुकामेवा आणि फळे यांचा मलिदा त्याच्या नावाने होतो; दर्ग्यांतही मलिदा चढतो, याचे कोकणात कुणाला वावडे नाही. 1948 नंतर बहुतेक घरे इस्रायलला गेली. तिथे मलिद्याची ताटे घेऊन ती हैफाला, कार्मेल डोंगरातल्या एलियाच्या गुहेपाशी जाऊ लागली.